"तांब्या" टाकल्यावर वर काय सुचवायचं? स्टोअरच्या सर्चमधल्या शब्दांबद्दल जरा सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकच्या भांडी बाजारातल्या घरच्या दुकानाचं ऑनलाईन स्टोअर तुम्ही सांभाळता, चौदाशेच्या आसपास वस्तू आहेत, गिऱ्हाईक सर्चमध्ये "तांब्या" टाकतं आणि वर जी पाच-सहा छोटी बटणं येतात, "यातलं बघायचंय का" टाईप, ती काहीच्या काही येतात, एकदा तर तिथे कोणाचा तरी मोबाईल नंबरच दिसला. मग हे बंदच करावं, सगळं हाताने लिहावं की ऑटोमॅटिकवर सोडून द्यावं.

आधी तो मोबाईल नंबर. हे उत्तर पुढे वाचायच्या आधी ते मिटवा. लोक सर्चच्या डब्यात काय वाट्टेल ते टाकतात, ऑर्डर नंबर, स्वतःचा फोन नंबर, "माझं पार्सल कुठे आहे", अगदी पूर्ण पत्ता सुद्धा. तुमचं सॉफ्टवेअर बिचारं त्याला एक शोधलेला शब्द समजतं आणि दोन-चारदा आला की पुढच्या माणसाला सुचवतं. त्या यादीत जाऊन तो शब्द काढा, आणि कायमचा नियम लावून घ्या की ज्या शब्दात सलग सहाच्या वर आकडे आहेत किंवा ॲटचं चिन्ह आहे किंवा वेबसाईटचा पत्ता आहे तो सुचवणीत कधीच येणार नाही. वेबसाईटचा पत्ता म्हणतोय कारण बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, येऊन सर्चमध्ये शेकडो वेळा आपल्या जाहिरातीची लिंक टाकून जातात, ती तुमच्याच दुकानाच्या पाटीवर झळकते. आणि वैयक्तिक माहितीबद्दल २०२३ चा डिजिटल डेटाचा कायदा आहे, दुकान लहान आहे म्हणून आपल्याला कोण विचारतंय असं समजू नका.

आता मूळ मुद्दा. मी अकरा-बारा वर्षं हेच काम करतोय, दुसऱ्यांच्या स्टोअरचे कॅटलॉग आणि सर्च लावून देतो, पण त्याआधी कॉलेजला असताना मामाच्या भांड्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी उभा राहायचो. या विषयात मला जे काही कळतं त्यातलं निम्मं तिथलं आहे. बाई आल्या आणि म्हणाल्या "तांब्या दाखवा" की मामा लगेच तांब्या दाखवायचा नाही. विचारायचा, "कशाचा?" त्या म्हणायच्या पितळी. मग "देवासाठी का पाण्याला?" देवासाठी. मग हात वर जायचा तो बरोबर त्याच फळीवर. दोन प्रश्न, बास. तिसरा विचारला की गिऱ्हाईक म्हणतं अहो दाखवा ना आधी.

ती बटणं म्हणजे मामाचे ते दोन प्रश्न आहेत, दुसरं काही नाही. पण स्टोअर लावणारे लोक काय करतात, तिथे "लोकप्रिय शोध" टाकून मोकळे होतात. तांब्या शोधणाऱ्याला प्रेशर कुकर सुचवतात कारण कुकर लोकप्रिय आहे. दुकानात असं केलं असतं तर मामाला वेड लागलंय म्हणाले असते.

हे शब्द सॉफ्टवेअरला मिळतात कुठून ते एकदा कळलं की निम्मं डोकं शांत होतं. तीन जागा आहेत. एक, आधीच्या लोकांनी काय शोधलं त्याची वही. दोन, तुमच्या मालाची माहिती, म्हणजे नाव, प्रकार, धातू, माप, जे काही भरलंय ते. तीन, तुम्ही स्वतः हाताने लिहिलेले. तुमचं स्टोअर मॅजेन्टो या सॉफ्टवेअरवर असेल, जे २०१८ ला अडोबी कंपनीने घेतलं, तर त्यात सर्च टर्म्स म्हणून अख्खी यादी असते, प्रत्येक शब्दापुढे किती वेळा वापरला आणि किती वस्तू सापडल्या ते येतं, आणि तो सुचवण्यात दाखवायचा की नाही याचं हो-नाही तिथेच करता येतं, शिवाय एखादा शब्द टाकला की थेट अमुक पानावर न्यायचं हे पण. शॉपिफाय हे दुसरं तसलंच सॉफ्टवेअर, त्यावर सर्च अँड डिस्कव्हरी नावाचं त्यांचंच फुकट ॲप आहे, त्यात समानार्थी शब्दांचे गट आणि फिल्टर लावता येतात. वूकॉमर्स या तिसऱ्याचा मूळ सर्च मात्र अगदी साधा, नावात आणि वर्णनात अक्षरं जुळतात का एवढंच बघतो, तिथे प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लागतंच. तुमचं कुठलं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पुढे जे सांगतोय ते कुठेही चालेल.

मराठीत माल विकणाऱ्याची खरी डोकेदुखी तुमच्याच उदाहरणात आहे. तांब्या म्हणजे पाण्याचा तांब्या, आणि तांबे या धातूचं सामान्यरूप पण तांब्याच. "तांब्याचा तांब्या" असं आपण सहज बोलतो आणि आपल्याला काही अडत नाही, मशीनचा मात्र पार गोंधळ होतो. एखाद्या हुशार प्रोग्रामरने प्रत्यय तोडायचं काहीतरी लावलं असेल तर "तांब्याची बाटली, तांब्याचा हंडा, तांब्याची परात" हे सगळं "तांब्या" खाली येऊन बसतं आणि ज्याला स्टीलचा तांब्या हवाय तो माणूस परातीत हरवतो. उपाय हाताचाच आहे. तुमच्या मालात धातू हा वेगळा रकाना करा आणि त्यात "तांबे" असंच भरा, वस्तूचा प्रकार हा वेगळा रकाना आणि त्यात "तांब्या". मग नुसतं "तांब्या" आलं की ते वस्तू म्हणून धरायचं, "तांब्याचा / तांब्याची / तांब्याचे" आलं की धातू म्हणून. मराठीत असे घोटाळे करणारे शब्द तुमच्या दुकानात वीस-पंचवीसच्या वर नसतील, एका दुपारी बसून होतात. बहुतेक तयार स्टोअर सॉफ्टवेअरला हंडा-हंड्याला-हंडे हे एकच आहे हे आपोआप कळत नाही, त्यामुळे नेहमीच्या शंभरेक वस्तूंची रूपं समानार्थी गटात टाकून ठेवा.

समानार्थीवरून आठवलं, "जर्मन". आपल्याकडे अजून कितीतरी घरात ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, कोणी जर्मल म्हणतं. माझ्या एका गिऱ्हाईकाच्या स्टोअरवर "जर्मन पातेलं" टाकलं की शून्य वस्तू यायच्या, आम्ही हौसेने गट केला, जर्मन म्हणजेच ॲल्युमिनियम, दोन्हीकडून. दुसऱ्या दिवशी "जर्मन सिल्व्हर" शोधणाऱ्यांना, म्हणजे ज्यांना हळदीकुंकवाचे करंडे आणि पूजेची ताटं हवीत त्यांना, ॲल्युमिनियमची पातेली दिसायला लागली. जर्मन सिल्व्हर हा तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, त्यात चांदी पण नसते आणि ॲल्युमिनियम तर नाहीच नाही. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा, दोन शब्दांचा जोड असेल तो आधी ओळखायचा, आणि समानार्थी एकतर्फी ठेवायचा. "जर्मन" टाकलं तर ॲल्युमिनियम दाखव, पण "ॲल्युमिनियम" टाकणाऱ्याला "जर्मन" सुचवायची काही गरज नाही.

त्या ॲल्युमिनियममध्येच अजून एक गंमत आहे. "ॲ" हे युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या सांकेतिक यादीत, स्वतंत्र एक अक्षर आहे, आणि काही कीबोर्डवरून तेच "अ" वर चंद्र देऊन येतं, वर काही कीबोर्ड मधे न दिसणारं एक जोडचिन्ह सोडतात. डोळ्याला सगळं सारखंच दिसतं पण मशीनसाठी तीन वेगळे शब्द, आणि सारखी अक्षरं एक करणारं नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन लावलं तरी ते आपोआप एक होत नाहीत, स्वतः नियम लिहावा लागतो. झाऱ्याचं पण तसंच, "ऱ्या" दोन पद्धतीने टाईप होतं. तुमच्या यादीत "झाऱ्याचा सेट" दोनदा सुचवलेलं दिसलं आणि तुम्हाला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं, तर आधी हे तपासा. माल भरणाऱ्या मुलाला एकच कीबोर्ड वापरायला सांगा, पण गिऱ्हाईकाला सांगू शकत नाही ना, म्हणून शोध येतानाच सगळी रूपं एका रूपात बदलून घ्यायची. आणि इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करणारे तर पुष्कळ भेटतील, त्यांच्या नाना तऱ्हा आहेत, त्या सगळ्या शोधायच्या गटात असू द्या पण सुचवलेलं बटण एकच, नीट लिहिलेलं.

आता बटणं कोणती ठेवायची. इथे लोक चुकतात म्हणून जरा थांबतो. प्रत्येक वस्तूला दुकानदाराचा प्रश्न वेगळा असतो. तांब्याला "कशाचा". समईला आधी "केवढी", म्हणजे उंची, आणि मग "एक का जोडी". तव्याला "बिडाचा, लोखंडी का नॉनस्टिक". पितळेच्या पातेल्याला "कल्हई केलेलं का बिनकल्हईचं", कारण आंबट पदार्थ करायचा तर कल्हई लागते आणि हे गिऱ्हाईक विचारतंच विचारतं, तरी मी बघितलेल्या जवळपास एकाही स्टोअरच्या मालात कल्हई हा रकाना नव्हता! रकाना नाही म्हणून मशीनला माहीत नाही, म्हणून सुचवत नाही, म्हणून लोक तो शब्द टाकून शून्य निकाल बघून निघून जातात. हंडा-घागरीला वजन लागतं, कारण तांब्या-पितळेचा माल आपण किलोवर विकतो, आणि वेबसाईटवर मात्र लिटर टाकलेले असतात. टोप-पातेल्याला नंबर लागतो. तर कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याला विचारायच्या आधी तुमच्या सासऱ्यांना किंवा गल्ल्यावर जे जुने कामगार आहेत त्यांना विचारा, "अमुक मागितलं की तुम्ही पहिलं काय विचारता?" पन्नास वस्तूंची उत्तरं वहीत लिहा, तीच तुमची बटणांची यादी. सर्चची वही नंतर बघा, ती फक्त काय राहून गेलं ते दाखवते.

मग त्यातलं कुठलं बटण दाखवायचं याला माझा एक ढोबळ नियम आहे, शास्त्र नाही, सवय आहे. समजा हंड्याचे ४० प्रकार आहेत. बटण दाबल्यावर ३८ राहत असतील तर त्या बटणाने काय केलं? काहीच नाही. एकच राहत असेल तर गिऱ्हाईकाला वाटतं दुकान रिकामं. मी साधारण दहावा हिस्सा ते निम्मे यांच्यात येणारीच बटणं ठेवतो, आणि चारपेक्षा कमी वस्तू असतील तर दाखवतच नाही. हे मोजताना स्टॉकमध्ये असलेलाच माल मोजायचा. "संपला" असे सहा फोटो दाखवणारं बटण म्हणजे आत बोलावून शटर खाली ओढण्यासारखं आहे. मोबाईलवर पाच-सहा बास, आठव्यापर्यंत कोणी सरकवत नाही, आणि सगळी एकाच प्रश्नाची असली पाहिजेत, "पितळी, स्टील, १ लिटर, लग्नासाठी, स्वस्त" अशी भेळ नको.

वर्णनातल्या मजकुरावरून आपोआप शब्द उचलणारी सोय असेल तर ती मी बंद करतो, का ते सांगतो. एका स्टोअरवर "पितळी कढई" टाकलं की "इंडक्शन" असं बटण यायला लागलं आणि लोक दाबायचे पण भरपूर. दाबल्यावर पितळेच्या अकरा कढया यायच्या. ऑर्डरी आल्या, मालक खूश, मी पण खूश, आणि मग परतीचे डबे यायला सुरुवात झाली. नुसतं पितळ इंडक्शनवर तापत नाही, खाली लोखंडाचा किंवा चुंबकीय स्टीलचा थर असला तरच काम होतं. मग हे बटण आलं कुठून? तर आम्हीच प्रामाणिकपणे प्रत्येक कढईच्या वर्णनात लिहिलेलं, "इंडक्शनवर चालत नाही". मशीनने "इंडक्शन" उचललं आणि "नाही" सोडून दिलं. परतीचा खर्च मालकाने सोसला, चूक माझी होती, कारण कुठलं बटण कुठून येतंय हे मी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून इंडक्शनला वेगळा हो-नाहीचा रकाना, आणि बटण फक्त रकान्यातून.

दुसरा एक सापळा आहे तो हळूच चढतो. एखादा शब्द सुचवला की लोक तो दाबतात, दाबला की त्याचा आकडा वाढतो, आकडा वाढला म्हणून तो अजून वर येतो. म्हणजे लोकांना तो हवाय असं नाही, तुम्ही समोर ठेवला म्हणून दाबला. सहा महिन्यांनी तेच पाच शब्द ठाण मांडून बसतात आणि नवीन काही वर येतच नाही. म्हणून टाईप केलेले शोध आणि बटण दाबून झालेले शोध वेगवेगळे मोजायला सांगा, तुमच्या डेव्हलपरला हे अवघड नाही. मोजणी गेल्या ३० किंवा ९० दिवसांचीच धरा, स्टोअर सुरू झाल्यापासूनची नको. आणि एकाच माणसाने पन्नास वेळा टाकलं तर ते एकच, वेगवेगळी माणसं मोजायची. एवढं केलं की त्या बॉटचा आणि फोन नंबरचा त्रास पण बराचसा जातो.

आपल्या धंद्यात हंगाम तर इतका पक्का असतो की त्याला मशीन लागतच नाही, कॅलेंडर पुरतं. पाडव्याच्या आधी गुढीवर पालथा घालायचा तांब्या, संक्रांतीला वाण, आणि वाण शोधणाऱ्याचा प्रश्न "कशाचं" नसतोच मुळी, "किती रुपयांपर्यंत आणि किती नग" हा असतो, तिथे "५० रुपयांच्या आत" असलीच बटणं द्या. गौरी-गणपतीत मुखवटे आणि समया, धनत्रयोदशीला काहीही धातूचं छोटं, लग्नसराईत रुखवत आणि हंडे-घागरी. हे शब्द हाताने लिहा आणि प्रत्येकाला सुरू व्हायची आणि बंद व्हायची तारीख टाका. बंद व्हायची तारीख लोक विसरतात, मग आषाढात "दिवाळी ऑफर" दिसते. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची स्नानं येतायत, तुमच्याकडे तर रामकुंडावरून माणसं चालत येतील, आणि जी येऊ शकणार नाहीत ती ऑनलाईन शोधतील. तेव्हा "गंगाजल गडू" आत्तापासून तयार ठेवा. बाहेरगावचा माणूस गंगा म्हणजे उत्तरेतली समजतो आणि आपण नाशिकवाले गोदावरीलाच गंगा म्हणतो, गंगेवर जाऊन आलो म्हणतो, म्हणून बटणावर "गोदावरी तीर्थ" असं पण वेगळं ठेवा, नाहीतर दोघांचाही गैरसमज. "कुंभ" शब्दाचं पण ठरवून टाका, तुमच्याकडे तो मेळा आहे का घडा.

काही शब्द कितीही शोधले गेले तरी सुचवायचे नाहीत. दुसऱ्या कंपनीचं नाव, जिचा माल तुम्ही ठेवतच नाही, ते सरळ काढा. आणि आजारांची नावं. "मधुमेहासाठी तांब्याची बाटली" असं लोक शोधतात, खरंच शोधतात. पण ते त्याने टाईप करणं वेगळं आणि तुम्ही तुमच्या दुकानाच्या पाटीवर बटण म्हणून छापणं वेगळं, तो तुमचा दावा धरला जाऊ शकतो, आणि फसव्या जाहिरातीवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कारवाई आहे. शोधू द्या, बाटल्या दाखवा, सुचवू नका.

गूगलचं एक थोडक्यात. प्रत्येक बटण दाबलं की सर्चचं एक नवीन पान बनतं, असली हजारो पानं गूगलमध्ये जाऊ द्यायची नाहीत, सर्चची पानं रोबोट्स फाईलमध्ये, म्हणजे गूगलला कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, अडवा. किंवा पानावरच नोइंडेक्स, म्हणजे "हे गूगलच्या यादीत घेऊ नका" अशी खूण, लावा, पण दोन्ही एकदम नको, कारण अडवलेलं पान गूगल उघडतच नाही तर त्यातला नोइंडेक्स वाचणार कसा. आणि "पितळी समई जोडी" सारखा शब्द बारा महिने चालत असेल तर त्याचं कायमचं पान करा, नीट फोटो, दोन ओळी माहिती, आणि बटण तिकडेच न्या.

मग हाताने का ऑटोमॅटिक? तुमच्या एवढ्या दुकानाला मी म्हणेन नेहमीच्या पन्नास-साठ शब्दांना हाताने, बाकीच्यांना रकान्यातून आपोआप, आणि जिथे यातलं काहीच नाही तिथे बटणंच नकोत, रिकामी जागा चालते. सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात शून्य निकाल आलेल्या शोधांची यादी काढा, वरचे तीस शब्द कागदावर छापून घ्या, आणि दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा सासऱ्यांसमोर ठेवा. ते एकेक शब्द बघून म्हणतील "हे आहे की आपल्याकडे, मागच्या खोलीत", "हे आपण ठेवत नाही", "हे म्हणजे घंगाळ, पोरांना नाव माहीत नसेल". त्यांच्या या तीन उत्तरांतच तुमचं महिन्याभराचं काम आहे. पुढे दर सोमवारी अर्धा तास एवढं पुरतं, पण तो अर्धा तास कोणाचा ते नाव घालून ठरवा, नाहीतर तो कोणाचाच नसतो.

जाता जाता, "बंब" टाकून बघा बरं एकदा. पाणी तापवायचा बंब आहे ना तुमच्याकडे, का अजून "बॉम्बे कट प्लेट" सुचवतंय? आणि "ताम्हण" पण. मी एकदा टाकलं होतं एका स्टोअरवर, पळी-पंचपात्राऐवजी झाडाची रोपं आली, आपलं राज्यफूल, दिसायला सुंदर, पण संध्येला बसायला काय उपयोग.